चिकटणं थांबेपर्यंत

आदल्या संध्याकाळी सुगंधाबाई हेडाऊंनी विचारलं,
"सिस्टर, कोन्त्या कंपनीचं सिमेंट?
आमच्या मोरीले चंद्रपूरचं लावलं होतं,
दोन सालात भेगा पडल्या."

हसले मी. पण प्रश्न चुकीचा नव्हता.
माझ्या खणात एक वही आहे,
कुठल्याशा पेनकिलरची जाहिरात पुठ्ठ्यावर.
तारीख, खोलीचं तापमान, कोणतं पाकीट,
हातमोज्याला चिकटणं कधी थांबलं,
आणि ट्रेवर टाकल्यावर टणक कधी वाजलं.
ठेवायला कोणी सांगितलेली नाही.

एक हिरवट. हरभऱ्याच्या पाल्यात धुतल्यासारखं,
कालवता कालवताच जड होतं,
लवकर हाती येतं, मग बराच वेळ ऐकतं.
जंतूंवरचं औषध आतच असतं त्याच्या.
दुसरं पांढरं. आधी पेजेसारखं पातळ,
बंदुकीतून हाडाच्या जाळीत खोल उतरतं,
पण ताटकळत ठेवतं, आणि ऐन वेळी
एका मिनिटात पाठ फिरवतं.
साधं घेतलं तर स्वस्त पडतं.
हे स्वस्त बिलाच्या खिडकीशी उभ्या मुलाला
कसं सांगायचं, ते वहीत नाही.

देसकर सर हिरव्याचे, बोबडे मॅडम पांढऱ्याच्या.
धंतोलीतल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत
डबे उघडून दोघं भांडतात,
एकाकडे पंधरा वर्षांचे एक्स-रे,
दुसरीकडे परदेशातल्या हजारो खुब्यांचे आकडे.
माझ्याकडे एवढंच:
नागपूरच्या मे महिन्यात दोन्ही सारखीच उद्धट.
म्हणून आदल्या रात्री डबे फ्रिजमध्ये,
आइसक्रीमचे असावेत तसे.

सुगंधाबाईंना मी सांगितलं होतं,
बोटाला तार सुटते तोवर थांबायचं.
त्यांनी अंगठा न् तर्जनी माझ्यासमोर धरली,
"पांजनीची खळ अशीच पायतो आमी.
गोळीबार चौकात, पहाटे, अख्ख्या गल्लीत ताना पसरून.
कच्ची असली तं सूत तुटते,
करपली तं कुंचाच फिरत नाई."
चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली बाई.
उजवा खुबा पावड्यांनीच खाल्ला, म्हणे.

सकाळी नऊलाच बाहेर बेचाळीस.
एसी धापा टाकत चोवीसवर अडलेला.
मॅडमचं टेबल, म्हणून पांढरं.
भुकटीवर द्रव ओतला,
नेलपॉलिशच्या दुकानात कोंडल्यासारखा वास,
आणि मी मोठ्याने मोजायला लागले.
एक. दोन. तीन.
चारला तार सुटत होती.
पाचला नाही.
"सिमेंट आत जातंय," मॅडमनी सांगितलं,
पडद्यापलीकडून भुलेचे डॉक्टर म्हणाले, "हं."

एकशे बारा.
अठ्ठ्याऐंशी.
सत्तर.
सुई टोचायचा आवाज नसतो, तो त्या दिवशी आला.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
माझ्या मुठीत उरलेला गोळा गरम होत होता,
आत जे चाललंय तेच बाहेर, लिंबाएवढं.
लोक समजतात हे चिकटवतं.
चिकटवत नाही. रिकामी जागा भरतं फक्त,
आणि मग हलत नाही.
ऐंशी.
शंभरला टेकलं.
"नऊ," मी म्हणाले.
साडेअकराला गोळा ट्रेवर टाकला. टण्.

चौथ्या दिवशी वॉकर सरकवत त्या
नर्सिंगच्या टेबलापर्यंत आल्या.
"कोन्तं लावलं शेवटी?"
"पांढरं."
"हं. उशीर लावला त्यानं. आमची खळ याच्याआंधी व्हयाची."
कंबर खाली बधिर असली तरी कान जागे होते त्यांचे,
हे मी विसरले होते.
"मी बी मोजत होती, बाई.
पाचाच्या मांगून एकदम नऊ.
सहा, सात, आठ कुठी गेले?"

मी वही काढली. तापमान चोवीस, पांढरं, गार केलेलं.
शेराच्या रकान्यात पेन टेकवून
बराच वेळ तशीच बसले.